घरातली आणि अंगाला लावायची घातक रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक बहुतेक वेळा चुकीच्या रसायनाला घाबरतात असं माझं मत आहे. शाम्पू नासू नये म्हणून घातलेल्या पॅराबेनवरून झोप उडवून घेतात, आणि त्याच बाथरूममध्ये दार बंद करून अ‍ॅसिड आणि ब्लीच एकावर एक ओततात. म्हणून खालची उत्तरं भीतीच्या नव्हे, धोक्याच्या क्रमानं लावली आहेत.

सुरुवात कुठून करू? घरातलं सगळंच फेकून द्यायचं का?

नाही, फेकू नका. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. ती शरीरात कुठून जाते, अंगावर किती वेळ राहते, आणि किती वेळा वापरली जाते?

श्वासावाटे जाणारं सगळ्यात आधी बघायचं: धूर, फवारे, उग्र वाफा. मग अंगावर दिवसभर राहणारं, म्हणजे क्रीम, लोशन, डिओ, लिपस्टिक. लिपस्टिक तर थोडी पोटातही जाते. अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर वाहून जाणारा साबण आणि शाम्पू सगळ्यात शेवटी. बाजार मात्र नेमका उलट्या क्रमानं घाबरवतो, कारण महागडा शाम्पू विकणं सोपं असतं आणि 'खिडकी उघडा' या सल्ल्याचे पैसे कोणाला मिळत नाहीत.

कोणत्या दोन गोष्टी एकत्र करू नयेत?

एवढं एकच उत्तर वाचून पान बंद केलंत तरी चालेल.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात कुठलंही आम्ल मिसळलं, मग ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असलेलं टॉयलेट क्लीनर असो, क्षारांचे डाग काढायचं द्रव्य असो की व्हिनेगर, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच साचतो, आणि बाथरूम घासणारा माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो.

ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. काचा पुसायच्या काही द्रव्यांत अमोनिया असतो. ब्लीचमध्ये स्पिरिट किंवा सॅनिटायझरही ओतू नये. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत भरून ठेवले तर पेरॲसेटिक आम्ल बनतं, आणि तेही डोळे, त्वचा व श्वासनलिका जाळतं.

घात होतो तो 'एकानं डाग गेला नाही म्हणून दुसरं टाकलं' यातून. पहिलं द्रव्य भरपूर पाण्यानं धुऊन टाकल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही, आणि शक्यतो एका दिवशी एकच वापरायचं. डोळे चुरचुरायला लागले, ठसका लागला, तर तडक बाहेर या. आत जाऊन पाणी ओतायचं धाडस करू नका. दार उघडं टाका, मोकळ्या हवेत थांबा. खोकला किंवा धाप कमी झाली नाही तर डॉक्टरांकडे जा, कारण फुफ्फुसाला आलेली सूज कधी कधी काही तासांनी दिसते.

स्प्रेनं सफाई केली तर काय बिघडतं?

फवाऱ्याचे बारीक थेंब नाकावाटे थेट आत जातात. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ हजारांहून अधिक लोकांची २० वर्षांची माहिती तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरी किंवा कामावर सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटत होती. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही, पण त्या गटात सफाई करणारे पुरुष मुळातच कमी होते. अशा अभ्यासातून थेट कारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरीही द्रव्य हवेत न उडवता फडक्यावर घेऊन पुसणं याला ना खर्च लागतो ना कष्ट. रोजच्या धुळीला आणि तेलकटपणाला साधा साबण किंवा भांडी घासायचं लिक्विड पुरतं. जंतुनाशक ठेवा ते घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हासाठी. पातळ केलेलं ब्लीच दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवू नका, त्याचा जोर उतरतो.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की सगळं निघतं म्हणतात...

फेस येतो, बघायला बरं वाटतं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते बहुतांशी पाणी आणि सोडियम ॲसिटेट, आणि बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळे. नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर व्हिनेगर, करपलेल्या भांड्यावर आणि सिंकवर सोडा. संगमरवरावर मात्र व्हिनेगर कधीच नको. दगड खाल्ला जातो, चकाकी जाते.

रूम फ्रेशनर, मच्छर अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या: यातलं जास्त वाईट काय?

धूर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या मच्छर कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. तेही दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत, झोपलेल्या माणसाच्या उशाशी. डास हा खरा धोका आहे, त्यामुळे डासांना येऊ द्या असं कोणी म्हणत नाही. मच्छरदाणी, खिडकीला जाळी आणि साचलेलं पाणी काढणं हे आधी. कॉइल लावायचीच तर माणसं खोलीत नसताना लावा, आणि झोपायच्या आधी खोली हवेशीर करून घ्या.

डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या किंवा पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. गोळी झिजत झिजत नाहीशी होते ती हवेत जाते, म्हणजे वास येतोय तोवर ती श्वासातून आत जातेय. शरीरात जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांना नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलं तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात बऱ्याच आहेत. शिवाय डांबराची गोळी दिसते पेपरमिंटच्या गोळीसारखी, मूल ती तोंडात घालू शकतं. कसर लागते ती मुख्यत: लोकरीला आणि रेशमाला. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्यांना या गोळ्यांची सहसा गरजच नसते. लोकरीचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवले की काम होतं.

रूम फ्रेशनर दुर्गंधी घालवत नाही, तिच्यावर दुसरा वास पसरतो. त्यातलं लिमोनीन, म्हणजे लिंबू-संत्र्याचा वास देणारं द्रव्य, हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतं. वास कुठून येतोय ते शोधा: ओलसर भिंत, तुंबलेली जाळी, कचऱ्याचा डबा.

बाटलीमागची यादी वाचायची कशी? सगळी नावं एकसारखीच भयंकर वाटतात.

समजा एका 'कोरफडयुक्त' लोशनवर असं लिहिलंय: अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, सिटीअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सीइथेनॉल, कोरफडीचा अर्क, परफ्यूम.

यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. म्हणजे मुख्यत: पाणी, मग ग्लिसरीन. सिटीअरिल अल्कोहोल हे नाव दारूचं वाटतं, पण तो मेणासारखा मऊ स्निग्ध पदार्थ आहे, त्वचा कोरडी करत नाही. डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन, त्यानं घाबरायचं कारण नाही. आता फिनॉक्सीइथेनॉलपाशी थांबा. ते लोशन नासू नये म्हणून घालतात, आणि युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. १ टक्क्याच्या खालचे घटक कंपनीनं कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतं. त्यामुळे फिनॉक्सीइथेनॉलच्या पुढे जे येतं ते साधारणपणे १ टक्क्याहून कमी. बाटलीवर मोठ्या हिरव्या पानाचं चित्र आहे त्या कोरफडीचा हिशोब एवढाच.

राहिलं परफ्यूम. यादीत मला खरी अडचण वाटते ती याच शब्दाची.

परफ्यूमला एवढा विरोध का?

कारण त्या एका शब्दाआड डझनभर घटक असू शकतात, आणि ते व्यापारी गुपित म्हणून सांगावे लागत नाहीत. सुगंध टिकवायला बऱ्याचदा डायइथाइल थॅलेट वापरतात. थॅलेट गटातली काही रसायनं संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. सुगंधी द्रव्यं हे सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी घटकांची नावं वेगळी छापावी लागत होती, २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली.

एक बारकावा कमी लोकांना माहीत असतो. लिमोनीन आणि लिनालूल ताजे असताना तितके त्रासदायक नसतात. झाकण उघडं राहिलं, बाटली वर्षभर पडून राहिली, की हवेशी संयोग होऊन त्यांची ॲलर्जी करण्याची ताकद वाढते. जुनं अत्तर अंगाला खाजवायला लागलं तर ते टाकायची वेळ झाली. शिवाय 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. हवं असतं ते 'फ्रॅग्रन्स-फ्री'.

पॅराबेनमुळे स्तनांचा कर्करोग होतो का?

तसं सिद्ध झालेलं नाही. ही भीती २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून आली. त्यात स्तनांच्या गाठींच्या २० नमुन्यांमध्ये पॅराबेन सापडले होते. निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि सापडणं म्हणजे कारण असणं नव्हे. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरावीक मर्यादेत सुरक्षित धरले जातात. प्रोपाइल आणि ब्युटाइलवर युरोपात जास्त कडक मर्यादा आहे, आणि पाच प्रकारांवर २०१४ मध्ये बंदीच आली.

या घबराटीचं पुढे जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. कंपन्यांनी पॅराबेन काढले आणि बऱ्याच ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं संरक्षक घातलं. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे पुरळ उठलेल्या रुग्णांची रीघ लागली. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २०१३ साठी 'वर्षातला ॲलर्जन' (ॲलर्जी आणणारा घटक) म्हणून त्याचीच निवड केली, आणि युरोपनं २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद केलं. 'अमुक-फ्री' दिसलं की त्याच्या जागी काय घातलंय ते आधी बघा.

अँटिबॅक्टेरियल साबण चांगला ना?

साध्या साबणापेक्षा चांगला असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं २०१६ मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासह १९ घटक हात-अंग धुवायच्या अशा साबणांतून काढायला लावले, कारण कंपन्यांना त्यांचा जादा फायदा दाखवता आला नाही.

रंग उजळवणारी क्रीमं?

इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. ज्या क्रीमवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही आणि आठवड्यात फरक दिसतो, ते घेऊ नका.

असा झटपट फरक बहुधा पाऱ्यामुळे, जोरदार स्टेरॉइडमुळे किंवा हायड्रोक्विनोनमुळे पडतो. पारा त्वचेत रंगद्रव्य बनणंच थोपवतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड खराब करतो. लघवीला फेस, चेहऱ्यावर आणि पायांवर सूज, हातांना कंप, झोप न लागणं अशी लक्षणं दिसतात, आणि क्रीमचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. वापरणाऱ्याच्या टॉवेल-उशीवरून तो घरातल्या मुलांपर्यंतही पोचतो. लेबलवर तो कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, मर्क्युरिओ अशा नावांनी असतो, किंवा लिहिलेलाच नसतो. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण समजा. पाऱ्यावरच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानं २०२० पासून १ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत एक भाग) जास्त पारा असलेल्या प्रसाधनांवर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये १ पीपीएमपर्यंतची सूटही काढून टाकायचं ठरलं. तरी माल ऑनलाइन मिळतोच. वापरत असाल तर डॉक्टरांना डबी दाखवा. स्टेरॉइड असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन त्याची आग होऊ शकते, तेही त्यांच्या सल्ल्यानंच करा.

केस रंगवणं आणि सरळ करणं सुरक्षित आहे?

कायम टिकणाऱ्या काळ्या रंगात पीपीडी म्हणजे पॅराफिनिलिनडायअमीन असतं. एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढच्या वेळी चेहरा, पापण्या सुजतात. पाकिटावरची चाचणी प्रत्येक वेळी करा, मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून सोडू नका, आणि निकालासाठी ४८ तास थांबा. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यातही अनेकदा हेच असतं. मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-तपकिरी येतो, काळाकुट्ट नाही.

केस सरळ करायच्या अनेक 'केराटिन' उपचारांत गरम इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला २००४ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग करणारं, असं ठरवलं. लेबलवर मिथिलीन ग्लायकॉल लिहिलं असलं तरी पाण्यातलं फॉर्मल्डिहाइडच ते. सगळ्यात जास्त सोसते ती दिवसभर हे काम करणारी मुलगी. 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' प्रकारांत ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. मी तरी हा उपचार टाळा असंच सांगेन.

नैसर्गिक वस्तू वापरल्या की प्रश्न मिटला?

सुरम्यात सापडणारं शिसं जमिनीतून खणलेल्या खनिजाचंच असतं. कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी झटके येऊ शकतात. टी-ट्री तेल मांजरांना विषारी आहे. घरी केलेल्या, पाणी असलेल्या आणि संरक्षक न घातलेल्या क्रीममध्ये जंतू वाढतात, डोळ्याजवळ तर ते फार वाईट. नैसर्गिक की कृत्रिम हा प्रश्नच सोडून द्या.

टॅल्कम पावडर आणि सनस्क्रीनचं काय?

पावडर सोडलेली बरी. खाणीत टॅल्क आणि ॲस्बेस्टॉस शेजारी सापडतात, आणि २०२४ मध्ये टॅल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं गेलं. बाळाला तर कुठलीच पावडर नको, कारण ती नाकावाटे फुफ्फुसात जाते.

सनस्क्रीन बंद करू नका. ऑक्सिबेन्झोनसारखी काही द्रव्यं रक्तात उतरतात हे दिसलंय, त्यानं अपाय होतो हे अजून दिसलेलं नाही. उन्हामुळे मात्र त्वचेचा कर्करोग होतो. मन खात असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या, आणि स्प्रे नको.

स्वयंपाकघरातलं प्लास्टिक आणि नॉनस्टिक?

गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. 'मायक्रोवेव्ह-सेफ' म्हणजे डबा वितळणार नाही, एवढंच समजा. बीपीए या काही प्लास्टिकमधल्या रसायनासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये सहनीय मात्रा २० हजार पटींनी खाली आणली. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या वर थर खराब व्हायला लागतो, आणि अति तापला तर त्याच्या वाफेनं पाळलेले पक्षी मरतात.

घटक तपासणाऱ्या ॲपवर एखाद्या क्रीमला लाल शेरा आला. फेकू?

आधी बघा, शेरा कशावरून दिलाय. बहुतेक ॲप एखादं रसायन मुळात घातक असू शकतं का तेवढंच पाहतात, तुमच्या क्रीममध्ये ते किती आहे ते नाही. कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ॲस्बेस्टॉसशेजारी सूर्यप्रकाशही आहे. 'कदाचित' वाल्या गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे.

एवढं करून फरक पडतो का?

पडतो, आणि लगेच. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस पॅराबेन, थॅलेट, ट्रायक्लोसान नसलेली प्रसाधनं वापरायला दिली होती. अभ्यास २०१६ मध्ये आला. लघवीतलं मिथाइल पॅराबेन साधारण ४४ टक्के, ट्रायक्लोसान ३६ टक्के आणि डायइथाइल थॅलेटचा अवशेष २७ टक्के घटला. गंमत म्हणजे दुसरे दोन पॅराबेन मात्र वाढले. तीन दिवसांत कोणाची तब्येत सुधारली असा त्याचा अर्थ नाही, शरीरातला साठा किती पटकन हलतो एवढंच कळतं. माझ्या मते दहा वस्तूंच्या जागी दहा महाग 'सेफ' वस्तू आणण्यापेक्षा दहाच्या चार करणं जास्त उपयोगाचं.

चुकून पोटात किंवा डोळ्यात गेलं तर?

डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्यानं सलग १५ ते २० मिनिटं धुवा. लेन्स असेल तर काढा. अंगावर सांडलं तर भिजलेले कपडे आधी उतरवा. अ‍ॅसिडवर सोडा किंवा अल्कलीवर व्हिनेगर टाकायला जाऊ नका.

पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका एकदा भाजलेली असते, येताना पुन्हा भाजते. मिठाचं पाणी पाजू नका. तोंड धुवा, विष नियंत्रण केंद्राला किंवा डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि मूळ बाटली बरोबर न्या. लेबल वाचूनच डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं. साफसफाईची द्रव्यं सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायची सवय असेल, तर ती आजच सोडा. ते लेबल तिथेच हरवतं.